ओझरता संबंध आणि हर्पिसची धास्ती

हर्पिसच्या धास्तीने दवाखान्याची पायरी चढणारी माणसे दोन प्रकारची असतात. एकांना खरोखरच फोड आलेले असतात. आग होत असते, लघवी करताना डोळ्यांत पाणी येत असते, आणि त्यांना औषध हवे असते. दुसऱ्यांच्या अंगावर दाखवण्यासारखे काहीच नसते. त्यांच्याजवळ असते एक तारीख. त्या तारखेला काहीतरी घडले आणि तेव्हापासून झोप उडाली. हे प्रकरण या दुसऱ्या माणसांसाठी आहे. पहिल्यांसाठी औषध आहे. दुसऱ्यांना मात्र बहुतेक वेळा एक चिठ्ठी देऊन लॅबमध्ये पाठवले जाते आणि खरा त्रास तिथून सुरू होतो.

घडलेले तरी काय असते? कोणी मसाज पार्लरमध्ये गेलेला असतो आणि तिथे हाताच्या स्पर्शापलीकडे काही झालेले नसते. कोणी कंडोम वापरून एकदाच संबंध ठेवलेला असतो. लग्न ठरलेल्या एखाद्या मुलीने जुन्या मित्राला निरोप देताना त्याचे चुंबन घेतलेले असते. कोणी कपडे अंगावर असतानाच जवळीक केलेली असते आणि आता कापडातून विषाणू आला असेल का, हा प्रश्न त्याला खात असतो. कोणी हॉटेलातल्या टॉवेलची भीती घेऊन येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जांघेत खाज सुटते, मग मोबाइलवर शोध सुरू होतो, आणि रात्री दोन वाजता पडद्यावर दिसणारी छायाचित्रे जगातल्या सर्वांत वाईट रुग्णांची असतात.

यांतल्या बहुतेकांना हर्पिस झालेला नसतो. हे मी दिलासा देण्यासाठी म्हणत नाही. विषाणूचा स्वभाव आणि जमलेली आकडेवारी पाहिली की हाच निष्कर्ष निघतो. तो कसा निघतो, हे वाचकाने स्वतः समजून घेतले तर दुसऱ्याच्या आश्वासनावर विसंबून राहावे लागत नाही.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे ज्याला नागीण म्हणतात तो हर्पिस झोस्टर. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या नसांत तो विषाणू दडून राहतो आणि पुढे कधीतरी कमरेवर किंवा छातीवर एका बाजूला पट्टा उमटवतो. लैंगिक संबंधाशी त्याचे काही नाते नाही. कागदावर ‘हर्पिस’ हा शब्द वाचून घरात संशयाचे वातावरण झाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून हे सांगणे भाग आहे. आपण बोलतो आहोत ते हर्पिस सिम्प्लेक्सबद्दल. त्याचे दोन प्रकार. पहिला, म्हणजे एचएसव्ही-१, मुख्यतः तोंडाचा. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे बारीक, पाणीदार, हुळहुळणारे फोड उठतात आणि घरातली मोठी माणसे ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ म्हणून सोडून देतात, ते त्याचेच काम. दुसरा, एचएसव्ही-२, मुख्यतः जननेंद्रियांचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या ६४ टक्के लोकांच्या, म्हणजे सुमारे ३८० कोटी माणसांच्या, शरीरात पहिला प्रकार आहे. दुसरा प्रकार १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५२ कोटींच्या, म्हणजे १३ टक्के लोकांच्या शरीरात आहे. पहिल्या प्रकाराची लागण बहुतेकांना लहानपणीच होते. कोणा मावशीने गालाचा पापा घेतला, कोणी आपल्या चमच्याने भरवले, एवढे पुरते. लागण झाल्याचे आठवतही नाही. म्हणजे ज्या आजाराच्या नावाने माणूस रात्रभर जागतो, त्याचा एक सख्खा भाऊ त्याच्या घरातल्या निम्म्याहून अधिक माणसांत कित्येक वर्षे गुपचूप राहत असण्याची शक्यता आहे.

हा विषाणू शरीरात शिरतो कसा, यावर सगळे अवलंबून आहे. त्याच्याभोवती चरबीचे पातळ आवरण असते आणि ते फार नाजूक असते. साबणाने ते फाटते, कोरड्या हवेत विषाणू निकामी होत जातो. त्याला आत जायला ओलसर अस्तर लागते, म्हणजे ओठांच्या आतली, योनीतली, शिस्नाच्या टोकाची किंवा गुदद्वाराची पातळ त्वचा. नाहीतर सोललेली, चिरलेली कातडी लागते. हाताच्या तळव्याची, मांडीची, पाठीची कातडी त्याच्या दृष्टीने बंद दार आहे. तिचा वरचा थर मेलेल्या, कडक पेशींचा असतो आणि विषाणूला शिरायला जिवंत पेशी लागते. शिवाय नुसता स्पर्श पुरत नाही. ज्या जागी विषाणू बाहेर पडत आहे ती जागा आणि शिरकाव होऊ शकेल अशी दुसऱ्याची जागा, यांचा थेट आणि बहुधा घर्षणाचा संपर्क व्हावा लागतो.

निरोगी कातडी किती भक्कम अडसर आहे हे समजायला एक जुनी घटना उपयोगी पडते. जुलै १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शाळकरी मुलांचे कुस्ती शिबिर भरले होते. १७५ मल्ल होते; त्यांतल्या ६० जणांना एचएसव्ही-१ ची कातडीवर लागण झाली. डोके, चेहरा, मान, हात अशा जागी फोड उठले. पहिल्यांदा वाचताना ही गोष्ट घाबरवते, कारण कातडीवरून लागण झालीच की. पण नीट पाहावे. रोज तासन्‌तास डोक्याला डोके लावून, खरबरीत मॅटवर घासून, कातडी सोलून निघेपर्यंत केलेली ही झटापट होती, आणि फोड असलेले मल्लसुद्धा आखाड्यात उतरत होते. एवढे सगळे जुळून आले तेव्हा ६० जणांना लागण झाली आणि ११५ जण सुटले. दंतवैद्यांचेही तसेच. हातमोजे सर्रास वापरले जाण्यापूर्वी रुग्णांच्या तोंडात दिवसभर उघडी बोटे घालणाऱ्या दंतवैद्यांना आणि परिचारिकांना बोटावर हर्पिसचे फोड येत. तिथेही वाट नखाजवळच्या चिरांतून होती. मसाजच्या टेबलावर पाच-दहा मिनिटे झालेला कोरड्या हाताचा स्पर्श या दोन्हींच्या जवळपासही येत नाही.

कपड्यांवरून, टॉवेलवरून, संडासाच्या भांड्यावरून, जलतरण तलावातून जननेंद्रियांचा हर्पिस होत नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, म्हणजे सीडीसी, हे निःसंदिग्धपणे सांगते. या बाबतीत अधिक लिहिण्याची गरज नाही.

चुंबनाचे उत्तर मात्र प्रामाणिकपणे द्यावे लागते. चुंबनाने एचएसव्ही-१ लागू शकतो. तुमच्या शरीरात तो आधीच असेल, आणि बहुधा असतोच, तर त्याच प्रकाराची नवी लागण दुसऱ्या जागी होणे दुर्मीळ. तो नसेल आणि समोरच्याच्या ओठावर त्या वेळी फोड असेल, तर धोका खरा आहे. पण त्यातून जे होईल ते तोंडात किंवा ओठावर होईल. जगातल्या निम्म्याहून अधिक लोकांना जे आधीच झाले आहे तेच. मुखमैथुनाचा प्रश्न याहून गंभीरपणे घ्यायला हवा, कारण ओठावरचा एचएसव्ही-१ त्या वाटेने जननेंद्रियांवर जातो आणि पाश्चात्त्य देशांत तरुणांच्या पहिल्या लागणीत त्याचा वाटा मोठा आहे. अशी लागण झालीच तर तिची पुनरावृत्ती दुसऱ्या प्रकारापेक्षा बरीच कमी असते: पहिल्या वर्षात साधारण एकदा, तर एचएसव्ही-२ ची चारेकदा होते.

आता प्रत्यक्ष संबंधाचे आकडे. १९९२ साली ग्रेगरी मर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १४४ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडप्यात एकाला जननेंद्रियांचा हर्पिस होता, दुसऱ्याला नव्हता. ही नेहमी शरीरसंबंध असणारी जोडपी होती. साधारण वर्षभरात १४ जणांना लागण झाली, म्हणजे दहापैकी नऊ जोडप्यांत दुसरा माणूस वर्षभर सोबत राहूनही मोकळा राहिला. पुरुषाकडून स्त्रीला होणारी लागण सुमारे १७ टक्के होती, स्त्रीकडून पुरुषाला ४ टक्क्यांच्या आत. या अभ्यासातली एक गोष्ट अस्वस्थ करणारी आहे आणि ती लपवून चालणार नाही. लागणीच्या दहा घटनांपैकी साधारण सात घटनांत जोडीदाराच्या अंगावर त्या वेळी फोड नव्हते. विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी, मज्जारज्जूलगतच्या गाठींत मुक्काम करतो आणि अधूनमधून कातडीवर येऊन जातो; माणसाला त्याचा पत्ता नसतो. ‘समोरच्याला काही दिसत नव्हते’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही ते यामुळे. पण ‘दिसत नव्हते म्हणजे नक्की असणार’ हेही तितकेच चुकीचे आहे. पुढे २००४ साली लॅरी कोरी यांच्या गटाने १,४८४ जोडप्यांवर औषधाची चाचणी केली. ज्यांच्या जोडीदाराला खोटी गोळी दिली होती अशा ७४१ जणांत आठ महिन्यांत २७ जणांना लागण झाली. ज्यांचे जोडीदार रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेत होते त्या ७४३ जणांत १४ जणांना.

कंडोमबद्दल लोक एक अर्धवट वाक्य ऐकून येतात: ‘हर्पिसवर कंडोमचा उपयोग नाही.’ कंडोम सगळी कातडी झाकत नाही, एवढाच त्यातला खरा भाग. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार कंडोममुळे प्रत्येक संबंधामागचा धोका पुरुषाकडून स्त्रीला ९६ टक्क्यांनी आणि स्त्रीकडून पुरुषाला ६५ टक्क्यांनी कमी होतो. आता वरचे आकडे एकत्र ठेवून पाहा. जोडीदाराला हर्पिस आहे हे पक्के ठाऊक असताना महिनोन्‌महिने संबंध ठेवूनही लागण शंभरातल्या काही थोड्यांना होते. मग ज्याच्याविषयी काहीच माहीत नाही अशा माणसाशी, कंडोम वापरून, एकदाच आलेला संबंध कुठे बसतो? धोका शून्य नाही. तो इतका लहान आहे की त्यावर आयुष्य थांबवावे असे त्यात काही नाही.

तरीही माणूस थांबतो, आणि तपासणीला जातो.

लॅबमध्ये ‘हर्पिस १ आणि २, आयजीजी-आयजीएम’ असे पॅकेज सहज मिळते. गरोदर स्त्रियांना वर्षानुवर्षे लिहून दिल्या जाणाऱ्या ‘टॉर्च’ नावाच्या तपासणीतही हर्पिस असतो, त्यामुळे हे नाव पुष्कळ घरांत पोहोचलेले आहे. या तपासण्या विषाणू शोधत नाहीत. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. त्यांतली आयजीएम ही सर्वांत फसवी. ती दोन प्रकारांत धड फरक करत नाही आणि जुना संसर्ग पुन्हा जागा झाला तरी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून ‘हल्लीच लागण झाली का’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ती निरुपयोगी आहे. हर्पिससाठी आयजीएम करू नये असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, तरी ती लिहिली जाते आणि केलीही जाते. दुसऱ्या आठवड्यात हातात पडलेला असा एक कागद माणसाचे कित्येक महिने खाऊन टाकतो.

आयजीजी त्यापेक्षा बरी, पण तिचे तीन दोष समजून घ्यावे लागतात. पहिला वेळेचा. शरीराला प्रतिपिंडे तयार करायला आठवडे लागतात. नकारात्मक निकाल भरवशाचा व्हायला बारा आठवडे जावे लागतात. पाचव्या दिवशी केलेल्या तपासणीला काही अर्थ नाही. दुसरा दोष एचएसव्ही-१ च्या बाबतीत. तो पॉझिटिव्ह येण्याचीच शक्यता अधिक, कारण बहुसंख्य लोकांचा येतो. लहानपणीच्या पाप्याची खूण तीस वर्षांनी रिपोर्टवर उमटते आणि माणूस तिचा संबंध गेल्या महिन्यातल्या तारखेशी लावतो. तिसरा दोष सर्वांत घातक. एचएसव्ही-२ चा आकडा १.१ च्या वर गेला की ‘पॉझिटिव्ह’ छापले जाते. पण १.१ ते ३ या पट्टीतले निकाल फार अविश्वसनीय आहेत. सीडीसीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत या पट्टीत चाचणीची अचूकता, म्हणजे आजार नसलेल्याला ‘नाही’ म्हणण्याची क्षमता, ३९.८ टक्के दिली आहे. असा निकाल आला तर दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीने पडताळून घेतल्याशिवाय निदान करायचेच नसते. आपल्याकडे तो बहुधा तसाच खरा मानला जातो, साखरपुडे मोडतात, नवरा-बायकोत भिंत उभी राहते.

म्हणूनच अमेरिकेतल्या प्रतिबंधात्मक सेवांच्या तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये स्पष्ट शिफारस केली की लक्षणे नसलेल्या माणसांची हर्पिससाठी रक्ततपासणी करू नये. सर्वसाधारण लोकांत अशी चाळणी लावली तर दर दोन निदानांतले जवळपास एक खोटे असेल, असा हिशेब त्यांनी मांडला होता. ज्याचा मुळात धोकाच नगण्य, त्याच्या बाबतीत हे प्रमाण आणखी बिघडते, कारण खरे रुग्ण जितके कमी तितके पॉझिटिव्हांमध्ये खोटे जास्त. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे. भीतीपोटी केलेली तपासणी भीतीचे उत्तर देऊ शकत नाही. ती उत्तर द्यायला बनवलेलीच नाही.

आणि निकाल नकारात्मक आला तर? चार दिवस बरे जातात. मग मनात येते, लॅबने नमुना बदलला असेल तर? किंवा, डॉक्टरांना मी बोटाच्या चिरेबद्दल सांगितलेच नव्हते. पुन्हा विचारणा, पुन्हा तपासणी. ब्रिटनमधले संशोधक हिलरी वॉर्विक आणि पॉल सॅल्कॉव्हस्किस यांनी १९८६ साली आजाराच्या भीतीवर जो लेख लिहिला त्यात हेच चक्र उलगडून दाखवले. दिलासा मिळाला की तेवढ्यापुरते हलके वाटते, आणि त्या हलके वाटण्यामुळेच पुढच्या वेळी दिलासा मागण्याची ओढ वाढते. तपासण्या आणि विचारपूस हे अशा भीतीचे औषध होत नाहीत. ते तिचे खाद्य होतात.

या चक्रात शरीरही सामील होते. जिथे लक्ष एकवटते तिथे मुंग्या येतात, चुणचुणते, गरम वाटते. आरशासमोर टॉर्च घेऊन दिवसातून दहादा पाहिले की आजवर न पाहिलेल्या कित्येक गोष्टी दिसू लागतात. शिस्नाच्या टोकाच्या कडेला ओळीने बसलेले मोत्यासारखे बारीक दाणे पुष्कळ तरुणांत असतात आणि ते आजार नसतात. ओठांवर, शिस्नावर किंवा योनीच्या ओठांवर दिसणारे पिवळसर ठिपके म्हणजे तेलग्रंथी. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ जॉन फोर्डाइस यांनी १८९६ साली त्यांचे वर्णन केले म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जातात. वस्तऱ्याने केस काढल्यावर मुळांशी पुटकुळ्या येतात, मुंबईच्या दमट हवेत जांघेत गजकर्ण होते. मग माणूस जंतुनाशक द्रव ओतून ती जागा धुतो, मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून चोळतो, आणि नाजूक कातडी खरोखरच भाजल्यासारखी लाल होते. आता आग खरी असते. कारण मात्र हर्पिस नसते.

खरा हर्पिस कसा दिसतो तेही सांगायला हवे. संपर्कानंतर २ ते १२ दिवसांत, साधारण चौथ्या दिवसाच्या आसपास, लालसर कातडीवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुपका उठतो. ते फुटतात, उथळ व्रण पडतात, स्पर्शाने कळ येते. पहिल्या वेळी ताप, अंगदुखी, जांघेत दुखऱ्या गाठी असतात आणि बरे व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. सगळ्यांना इतके होत नाही. उलट बहुतेकांना काही होतच नाही. अमेरिकेत एचएसव्ही-२ असलेल्या १४ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ८७ टक्के लोकांना डॉक्टरकडून हे निदान कधी मिळालेलेच नव्हते. घाबरलेला वाचक हे वाचून लगेच म्हणेल, ‘मग मलाही नकळत झाला असेल.’ पण नकळत लागण होण्यासाठीही विषाणूने वरच्याच वाटेने यावे लागते. वाट बंद असेल तर लक्षणे असणे आणि नसणे दोन्हींचा प्रश्न येत नाही.

एवढी भीती या आजाराला चिकटली कशी? शतकानुशतके माणसाला हे फोड माहीत होते आणि त्यांची फारशी दखल कोणी घेत नव्हते. १९६० च्या दशकात दोन प्रकार वेगळे ओळखले गेले. २ ऑगस्ट १९८२ च्या अंकात अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने हर्पिसवर मुखपृष्ठकथा छापली आणि हॉथॉर्नच्या कादंबरीत व्यभिचाराची खूण म्हणून छातीवर मिरवाव्या लागणाऱ्या लाल अक्षराशी त्याची तुलना केली. त्वचेवरचा एक त्रासदायक आजार पापाचे चिन्ह ठरला. त्याच वर्षी असायक्लोव्हिर हे औषध अमेरिकेत मलमाच्या रूपात मंजूर झाले. १९८५ मध्ये गोळ्या आल्या. या औषधामागे काम करणाऱ्या गटाचे नेतृत्व गर्ट्रूड एलियन यांच्याकडे होते. औषधनिर्मितीच्या तत्त्वांवरील संशोधनासाठी त्यांना १९८८ चे नोबेल विभागून मिळाले. विषाणूचेच एक विकर वापरून हे औषध जागे होते, त्यामुळे ते लागण झालेल्या पेशीत काम करते आणि निरोगी पेशींना फारसा धक्का लावत नाही. औषध इतके चांगले निघाले, पण कलंक पुसायला ते पुरले नाही.

आपल्याकडे या कलंकाला आधीच तयार जमीन होती. वीर्य वाया जाण्याच्या धास्तीतून खंगणाऱ्या तरुणांच्या लक्षणसमूहाला मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात’ हे नाव दिले. अपराधी वाटणारे मन शरीराच्या भाषेत कसे बोलते, याचा तो नमुना होता. हर्पिसची धास्ती त्याच कुळातली आहे. म्हणूनच ती घडलेल्या कृतीच्या धोक्याच्या प्रमाणात नसते, मनाला लागलेल्या टोचणीच्या प्रमाणात असते. बायकोशी कधीही खोटे न बोललेला माणूस एका मसाजनंतर कोसळतो. स्त्रियांची अवस्था आणखी बिकट, कारण त्यांना विचारायलाही जागा नसते. त्यात लोकलच्या डब्यांत आणि सार्वजनिक मुताऱ्यांच्या भिंतींवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ची पत्रके लावणारे लोक या घाबरलेल्यांची वाट पाहत बसलेले असतात. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवले ते याच अंधाराविरुद्ध. लैंगिक जीवनाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला कर्वे हरले. प्रश्न विचारणारे मात्र आजही तसेच लपतछपत येतात.

टोचणीचे उत्तर रक्ताच्या नमुन्यात नसते. जोडीदाराशी काय बोलावे, पुन्हा तसे वागावे की नाही, हे तुमच्या विवेकाचे प्रश्न आहेत आणि ते तसेच, समोरासमोर हाताळावेत. त्यांना विषाणूचे रूप दिले की ना विवेकाचे काम होते, ना आरोग्याचे. फक्त हाताचा स्पर्श, कपड्यांसकट जवळीक किंवा टॉवेल एवढेच घडले असेल तर हर्पिससाठी कसलीही तपासणी नको, औषध नको, घरच्या माणसापासून दूर राहायलाही नको.

काही प्रसंगी मात्र चालढकल करू नये. खरोखर फोड किंवा व्रण उठले तर ते ओले असतानाच, पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. व्रणातून घेतलेल्या स्वॅबची पीसीआर तपासणी रक्ततपासणीपेक्षा कितीतरी भरवशाची असते. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांवर मोफत उपचार होतात, तिथल्या रंगीत औषधसंचांपैकी लाल संच हर्पिसचा, त्यात असायक्लोव्हिर असते. गरोदर स्त्रीला किंवा तिच्या नवऱ्याला जननेंद्रियांवर फोड आले असतील तर प्रसूतितज्ज्ञांना सांगायलाच हवे. बाळंतपणाच्या तोंडावर आईला पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के असते. जुना हर्पिस असलेल्या आईच्या बाळाला ती एक टक्क्याहून कमी. आणि कंडोमशिवाय संबंध आला असेल, तर हर्पिसची चिंता बाजूला ठेवून एचआयव्हीचा विचार आधी करा. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, सुरू करावी लागतात. पुढे योग्य वेळी एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्हींची तपासणी करून घ्यावी. हर्पिसच्या काळजीत हे तीन दिवस निघून गेलेली माणसे पाहिली की वाईट वाटते.

डॉक्टरांनाही एक विनंती आहे. समोरचा माणूस घाबरला आहे म्हणून त्याच्या समाधानासाठी हर्पिसची आयजीएम लिहू नका. दहा मिनिटे काढून नेमके काय घडले ते विचारा, आणि धोका नसेल तर तसे स्वच्छ शब्दांत, एकदाच सांगा. तेच उत्तर तो चौथ्यांदा मागायला आला तर त्याला त्वचारोगतज्ज्ञाची गरज उरलेली नाही. अशा भीतीवर विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धत चांगली लागू पडते. त्यात तपासून पाहण्याची आणि विचारत राहण्याची ऊर्मी आली तरी तिच्यामागे न जाण्याचा सराव करून घेतात. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ गोळ्याही देतात.

आणि हे पान तुम्ही रात्री, झोप येत नाही म्हणून वाचत असाल, तर आज आरसा आणि मोबाइलवरचा शोध दोन्ही बाजूला ठेवा. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबची वेळ ठरवली असेल तर ती रद्द करा. लैंगिक आजारांबद्दल नाव न सांगता विचारायला राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. भीतीच आवरत नसेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. तिथे मराठीत बोलता येते.